मशीनवर उभं राहायला किती तास मिळणार? परदेशात मशीनिंग शिकायला निघालेल्यांचे प्रश्न

मागच्या अंकात मी सहज लिहिलं होतं की बडोद्याची बरीच मुलं आता लेथ-मिलिंग शिकायला बाहेरच्या देशात जातायत, कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा. पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप मिळून एवढे प्रश्न आले की सगळे घेणं शक्य नाही, त्यातले पाच घेतो. नावं देत नाही, राहण्याचा भाग तेवढा देतो. मी व्हिसाचं काम करणारा माणूस नाही, मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, टूलरूममध्ये एकतीस वर्षं काढली आणि हाताखाली शिकून गेलेली पोरं जर्मनी-कॅनडात आहेत त्यांच्याशी अजून फोनवर बोलणं होतं, त्या जोरावर लिहितोय.

प्रश्न (मांजलपूर, एक आई): भाऊ, मुलगा बारावी सायन्स झाला, ५८ टक्के आले. इंजिनिअरिंगला डोनेशन भरण्यापेक्षा त्याला बाहेरच पाठवू असं ह्यांचं म्हणणं. एजंटने दोन पर्याय दिलेत, कॅनडात दोन वर्षांचा सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी मशीन) मशीनिंगचा डिप्लोमा, नाहीतर जर्मनीत आउसबिल्डुंग, म्हणजे कंपनीत शिकाऊ म्हणून शिकायचं, त्यात म्हणे पगारपण मिळतो. पण जर्मनीसाठी सहा लाख मागतोय आणि त्यातले दोन लाख तिथल्या कंपनीला द्यावे लागतात असं सांगतो. मुलाने आजपर्यंत मशीनला हात लावलेला नाही. सासूबाई म्हणतात एवढे पैसे घालून शेवटी कामगारच व्हायचं का. काय करावं काही सुचत नाही.

उत्तर: ताई, सगळ्यात आधी ते कंपनीचे दोन लाख. ते देऊ नका. जर्मनीत शिकाऊ मुलाकडून शिकवण्याचे पैसे घ्यायला कायद्यानेच मनाई आहे, तसा करार कुणी लिहून घेतला तरी तो तिथे रद्दच धरतात. उलट कंपनीच मुलाला दर महिन्याला पैसे देते, २०२५ मध्ये सुरू झालेल्या करारांसाठी पहिल्या वर्षाचा किमान आकडा ६८२ युरो महिना असा आहे आणि मोठ्या मेटल कंपन्या याच्यापेक्षा बरेच जास्त देतात. आठवड्यातले एक-दोन दिवस किंवा सलग काही आठवडे मुलगा व्यवसाय शाळेत जातो, ती सरकारी असली तर तिलाही फी नाही. मग एजंटचे पैसे कसले, तर भाषेचा क्लास, कागदांची भाषांतरं आणि त्याची धावपळ. ते त्याने जरूर घ्यावेत पण पावतीवर तसं लिहून द्यावं. आणि करार हातात आला की त्यावर तिथल्या चेंबरची म्हणजे आयएचके (उद्योग-व्यापार मंडळ) किंवा हांडवेर्क्सकामरची (कारागिरांचं मंडळ) नोंद आहे का ते बघा, नोंदीशिवाय करार म्हणजे नुसता कागद.

आता दोन पर्यायांतला फरक नीट समजून घ्या, कारण दोन्हीला 'स्टडी अब्रॉड' म्हणतात आणि आपला घोटाळा तिथेच होतो. कॅनडात तुमचा मुलगा विद्यार्थी असणार, फी तुम्ही भरणार. फी आणि तिकीट सोडून राहण्या-खाण्यासाठी एका माणसाचे २२,८९५ कॅनेडियन डॉलर दाखवावे लागतात, हा आकडा १ सप्टेंबर २०२५ पासूनचा. कॉलेज चालू असताना बाहेर आठवड्याला २४ तास काम करता येतं, पण ते काम मशीनवरचं मिळेलच असं नाही, बरीच मुलं स्टोअरमध्ये नाहीतर गोदामात करतात. शिकून झाल्यावर वर्क परमिट मिळायला आता कोर्सचा विषय त्यांच्या यादीत असावा लागतो आणि इंग्रजीची परीक्षाही द्यावी लागते. सरकारी कॉलेजचं नाव लावून खासगी संस्थेत चालवलेल्या कोर्सला तर १५ मे २०२४ नंतर सुरू करणाऱ्यांसाठी ते परमिटच बंद झालंय. एजंटने दाखवलेला कोर्स नेमका कुठल्या इमारतीत चालतो, हे विचाराच. आणि डिप्लोमा मिळाला म्हणजे तिथला पक्का मशिनिस्ट झाला असं नाही, रेड सील म्हणून जो मान आहे तो कारखान्यात काही वर्षं काम करून तास भरल्यावर आणि परीक्षा दिल्यावर मिळतो.

जर्मनीत तो विद्यार्थी कमी आणि शिकाऊ कामगार जास्त. मशीनिंगच्या ट्रेडचं नाव लांबलचक आहे, त्सेरश्पानुंग्समेखानिकर, त्यातला 'श्पान' म्हणजे आपली चिप, टूलने उडते ती. साडेतीन वर्षांचा कोर्स, परीक्षा दोन भागांत, पहिल्या भागाला ४० टक्के वजन आणि शेवटच्याला ६०. दर आठवड्याला काय काम केलं ते वहीत लिहायचं, शिकवणाऱ्याने सही करायची, ती वही पुरी नसली तर शेवटच्या परीक्षेला बसता येत नाही. आणि सुरुवात सीएनसीने होत नाही हे मुलाला आत्ताच सांगा. माझ्याकडे शिकलेला एक मुलगा तिथे गेला त्याने पहिले कित्येक आठवडे फक्त कानस चालवली. लोखंडाचा यू आकाराचा तुकडा व्हाइसमध्ये धरायचा, एक बाजू घासायची, गुण्या लावून उजेडाकडे धरून बघायचं, फटीतून उजेड दिसला की परत घासायचं. तळहाताला फोड आले, रात्री फोनवर म्हणाला काका मी इथे लोहार व्हायला आलोय का. दुसऱ्या वर्षी त्यालाच कळलं की हाताला सपाटी कळल्याशिवाय मशीनची सपाटी कळत नाही.

जर्मन भाषा बी-वन लेव्हलची (ए-वन, ए-टूच्या पुढची पायरी) लागते, ती खऱ्या अर्थाने आली पाहिजे, नुसतं सर्टिफिकेट नको, कारण शाळेत गणित आणि मटेरियलचा अभ्यास सगळा जर्मनमध्येच असतो. अमेरिकेचं कुणी सुचवलं तर तेवढं लक्षात ठेवा की नुसत्या व्यवसाय शाळेचा एम-वन व्हिसा असेल तर शिकताना काम करता येत नाही, आणि नंतरही शिकलेल्या दर चार महिन्यांमागे एक महिना असं करत जास्तीत जास्त सहा महिने.

पण ताई मला विचाराल तर यातलं काहीही आत्ता लगेच नको. मुलगा अठराचा आहे, घाई कसली? ज्याने मशीन बघितलेलं नाही त्याला ते आवडेल का हे तुम्हालाही माहीत नाही आणि त्यालाही नाही. तरसालीच्या आयटीआयमध्ये मशिनिस्ट नाहीतर टर्नरला घाला, दोन वर्षांचा ट्रेड, फी नाममात्र, तेवढ्या वेळात जर्मनसुद्धा बी-वनपर्यंत होईल. तेही नको असेल तर ओळखीच्या एखाद्या शेडमध्ये तीन महिने उभा करा, बिनपगारी का होईना. मे महिन्याच्या उकाड्यात कुलंटच्या (मशीन गार ठेवायला सोडतात त्या पाण्या-तेलाच्या) वासात आठ तास उभं राहून जो मुलगा संध्याकाळी घरी येऊन आज बोअर, म्हणजे जॉबमधलं भोक, मापात आला म्हणून सांगतो, त्याला खुशाल पाठवा. जो सांगत नाही त्याचे पैसे वाचले.

आणि सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. कोठीकडून जाताना कलाभवन लागतं ते त्यांनी हजार वेळा बघितलं असेल, सयाजीराव महाराजांनी ते १८९० मध्ये काढलं ते हाताचं काम शिकवायलाच, दादासाहेब फाळकेही तिथे शिकले. आपल्या गावात हाताच्या कामाला कमी लेखायचं कारण नाही.

एजंटला विचारायचा प्रश्न मात्र एकच ठेवा, दोन्ही पर्यायांना तोच. आठवड्यात किती तास माझा मुलगा स्वतः मशीनवर उभा राहणार आणि एका मशीनमागे किती मुलं. त्याला उत्तर माहीत नसेल तर कॉलेजला मेल करून विचारून द्यायला सांगा.

प्रश्न (गोरवा): माझं वय ३३. दहा वर्षं मेंटेनन्समध्ये आहे. आता आउसबिल्डुंगला जाता येईल का, की वय गेलं?

उत्तर: आउसबिल्डुंगला कायद्याने वयाची वरची मर्यादा नाही. मर्यादा आहे ती जागा शोधायला जो वेगळा व्हिसा मिळतो त्याला, त्यासाठी ३५ च्या आत असावं लागतं. म्हणजे इथूनच मुलाखती देऊन करार मिळवलात तर वयाचा प्रश्न नाही. पण सतरा-अठराच्या पोरांबरोबर बाकावर बसून साडेतीन वर्षं शिकाऊच्या पैशात काढायची, बायको-मुलं असतील तर घरी नीट बोला. आणि पुढचं उत्तरही वाचा, दहा वर्षांच्या अनुभवाला तो रस्ता जास्त बरा पडेल असं मला वाटतं.

प्रश्न (तरसाली): काका, मी आयटीआय टर्नर केलंय, एनसीव्हीटीचं म्हणजे केंद्राचं सर्टिफिकेट आहे. तीन वर्षं झाली मकरपुऱ्यात सीएनसी टर्निंगवर आहे. जर्मनीला जायचंय पण सगळे म्हणतात परत पहिल्यापासून शिकाऊ व्हावं लागेल, इथलं काही धरत नाहीत. खरं आहे का? ए-टू झालंय, बी-वनचा क्लास चालू आहे.

उत्तर: पूर्ण खरं नाही. तुझं इथलं शिक्षण तिथल्या कोर्सशी ताडून बघतात, आपल्या ट्रेडसाठी ते काम न्यूर्नबर्गचं आयएचके फोसा नावाचं ऑफिस करतं. फी काहीशे युरो जाते. ते सांगतात की तुझं शिक्षण त्यांच्या बरोबरीचं आहे, किंवा अर्धवट बरोबरीचं आहे आणि अमुक गोष्टी कमी पडतात. अर्धवट आलं म्हणून नाराज व्हायचं नाही, कमी पडलेलं तिथे जाऊन कंपनीत भरून काढता येतं आणि त्यासाठी वेगळा व्हिसा आहे. मार्च २०२४ पासून आणखी एक सोय झालीय, आधी तिथे जायचं, नोकरी करत करत कागद पूर्ण करायचे. त्याला कंपनीचा करार, ए-टू भाषा आणि आपल्या देशात मान्य असलेलं कमीत कमी दोन वर्षांचं शिक्षण लागतं, आणि टर्नरचा ट्रेड दोनच वर्षांचा आहे. तिथे परवानगी वाढवत तीन वर्षांपर्यंत नेता येते. कंपनी शोधायला मात्र वेळ लागतो, तीस-चाळीस अर्ज गेले तरी धीर सोडू नको.

आता मला तुझ्या पत्रात एक शब्द खटकला. 'सीएनसी टर्निंगवर आहे.' म्हणजे काय करतोस तू? आपल्याकडे ऑपरेटर म्हणजे जॉब (घडवायचा तुकडा) चकमध्ये म्हणजे मशीनच्या पकडीत लावायचा, दार बंद, सायकल स्टार्ट, दार उघड, जॉब काढ, हवा मार, पुढचा लाव. दिवसाला तीनशे पीस. टूल तुटलं की सेटरला, म्हणजे मशीन लावून देणाऱ्याला, हाक मारायची. हे तीन वर्षं केलं तर अनुभव तीन वर्षांचा नाही, एका दिवसाचा आहे तो हजार वेळा केलेला. मी हे रागाने लिहीत नाही, यात तुझा दोष नाही, शेठला प्रॉडक्शन हवं असतं. पण इंटरव्ह्यूमध्ये तो जर्मन माणूस विचारणारच की ऑफसेट (मशीनला द्यायची मापाची दुरुस्ती) कोण घालतं, टूल बदलल्यावर पहिला पीस कोण मापतं, प्रोग्राममध्ये फीड तू बदलतोस का. तिथे गप्प बसायची वेळ येऊ देऊ नको.

म्हणून आजपासून सेटरच्या मागे लाग. शिफ्ट सुटल्यावर अर्धा तास थांब, त्याला चहा पाज, पण त्याचा हात बघ. वर्क ऑफसेट कसा घेतो, चकचे जॉज कसे बोअर करतो, इन्सर्टचा (टूलच्या बदलता येणाऱ्या टोकाचा) कोपरा कधी फिरवतो. एक वही कर, जर्मन मुलांसारखीच, आज काय केलं, कुठल्या मटेरियलवर, कुठलं माप, किती आलं. आणि अनुभवाचं पत्र घेशील तेव्हा 'तीन वर्षं सीएनसी ऑपरेटर म्हणून काम केले, वागणूक चांगली' असलं दोन ओळींचं घेऊ नको. मशीनचा प्रकार, कंट्रोलर, काय सेट करायचास, कुठली मापनाची साधनं वापरायचास, किती टॉलरन्समध्ये (मापात चालणारी सूट) काम केलंस हे सगळं लिहून माग, ताडून बघणाऱ्या ऑफिसला तेच लागतं. तू स्वतः लिहून नेलंस तर साहेब सही करतो, त्याला लिहायला वेळ नसतो.

एक दिलासा देतो. भाषा बदलेल, माप बदलत नाही. २० मिलिमीटरचा एच-७ बोअर (एच-७ म्हणजे मापात किती सूट चालेल त्याची खूण) इथेही २०.००० ते २०.०२१ आणि तिथेही तेवढाच. ड्रॉइंगची पद्धतही आपल्यासारखी फर्स्ट अँगल, वरून दिसणारं चित्र खाली काढायची. फक्त पॉइंटच्या जागी ते स्वल्पविराम देतात, २५,४ लिहिलं तर ते पंचवीस पॉइंट चार, घाईत दोनशे चोपन्न वाचू नको.

प्रश्न (रावपुरा): काका, मी दहावीत आहे. मला मशिनिस्ट ट्रेड घ्यायचाय आणि नंतर जर्मनीला जायचंय. आईला वाटतं मशीनमध्ये हात जाईल, आणि मुलीने असलं काम कशाला. तुम्हीच लिहा ना, आई तुमचं सदर वाचते.

उत्तर: वहिनी, मग हे उत्तर तुम्हालाच.

तुमची भीती खोटी नाही. लेथवर माणसाचा हात गेलेला मी बघितलाय आणि तो दिवस अजून विसरलेलो नाही. पण तो मुलगा होता, तीस वर्षांचा, आणि त्याने हातमोजे घालून फिरत्या जॉबला पॉलिश पेपर लावला होता. फिरत्या मशीनवर हातमोजे घालायचे नसतात, हे नियमांत पहिलं. मोजा अडकला की तो हात सोडत नाही. तसंच ओढणी, मोकळे केस, बांगड्या, अंगठी, लांब बाही, यातलं काही नाही म्हणजे नाही. केस बांधून टोपीत, बाही कोपराच्या वर, डोळ्याला चष्मा. चक फिरवायची चावी चकमध्ये ठेवून कधीही हात काढायचा नाही, मशीन चालू झालं तर ती गोळीसारखी सुटते. आणि निळी झालेली लांब चिप दिसायला सुंदर असते पण ती हाताने ओढायची नसते, त्याला हुक असतो. एवढं जी मुलगी पाळते तिचा हात सुरक्षित आहे, आणि माझा अनुभव असा की मुली हे मुलांपेक्षा जास्त पाळतात.

काम ताकदीचं आहे असं वाटत असेल तर आजच्या कारखान्यात जड जॉब आणि चक उचलायला होइस्ट असतो. ताकदीपेक्षा धीर लागतो. मायक्रोमीटरने मापताना घट्ट आवळणारा माणूस दर वेळी वेगळं माप आणतो, रॅचेटच्या हलक्या टकटकवर थांबणारा बरोबर आणतो. जर्मनीतही या ट्रेडमध्ये मुली कमीच आहेत म्हणून तिथे २००१ पासून दर वर्षी एक दिवस शाळेतल्या मुलींना मुद्दाम कारखान्यात बोलावतात, हातात मशीन देतात.

शाळेला सुट्टी लागली की मुलीला घेऊन आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये एकदा जा, तुम्ही स्वतः जा. कुणी विचारलं तर सांगा बघायला आलोय. आणि बेटा तू, दहावीच्या गणितात त्रिकोणमिती सोडू नको, टेपर म्हणजे उतार काढताना टॅनच लागतो.

प्रश्न (कारेलीबागेचा, सध्या कॅनडात ओंटारिओ): काका, मी इथे मशीनिंगच्या डिप्लोमाला आलोय, दुसरा सेमिस्टर. खरं सांगू तर परत यावंसं वाटतंय. लॅब आठवड्यात दोनच दिवस, एका लेथमागे तीन जण, मी मागेच उभा असतो. इन्स्ट्रक्टर भरभर बोलतो, सगळं इंचात आणि थाऊमध्ये, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात. परवा लॅब टेस्टला शाफ्ट एक इंचाचा करायचा होता, माझा १.०१० आला होता, तो म्हणाला टेन थाऊ काढ, मी डायल बरोबर दहा घरं फिरवली आणि शाफ्ट ०.९९० झाला. जॉब गेला. सगळ्यांसमोर काही बोलला नाही तो, पण मला फार लागलं. घरी सांगितलं नाही, बाबांनी लोन काढलंय.

उत्तर: बाळा, तुझं पत्र दोनदा वाचलं. परत यायचं की नाही ते नंतर, आधी तो शाफ्ट.

तुझा हात चुकला नाही. दहा घरं म्हणजे दहा घरंच फिरवलीस. पण त्या लेथची डायल त्रिज्येची होती, म्हणजे टूल दहा थाऊ आत गेलं, जॉब गोल असल्यामुळे व्यासातून वीस गेले, १.०१० चा ०.९९० झाला. सरळ हिशोब आहे. काही लेथची डायल व्यासाची असते, तिथे दहा फिरवले की दहाच जातात, आणि सीएनसीवर एक्स सहसा व्यासातच देतात. तू इथे मामाच्या शेडमध्ये किंवा कुठेतरी व्यासाची डायल बघितली असशील, हाताला ती सवय लागली. नव्या मशीनपुढे उभा राहशील तेव्हा पहिलं हेच बघायचं, हलका कट मार, मोज, पाच फिरव, परत कट मार, मोज. पाच गेले की दहा, ते मशीन स्वतः सांगतं. हे एकदा कळलं की जन्मभर पुरतं, आणि लॅबमधल्या एका तुकड्यावर कळलं हे बरं झालं.

माझंही असंच झालं होतं. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी बाहेरच्या गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग आलं, मी आपल्या सवयीने फर्स्ट अँगल समजून वाचलं, कोपऱ्यातली कापलेल्या शंकूची खूण बघितलीच नाही. ते थर्ड अँगल होतं. चाळीस ब्रॅकेट झाले, सगळ्यांची भोकं उलट्या बाजूला. उस्ताद ओरडले नाहीत, फक्त ते चाळीसही माझ्या बेंचखाली रचून ठेवायला लावले आणि महिनाभर हलवू दिले नाहीत. तू आता उत्तर अमेरिकेत आहेस, तुझी सगळी ड्रॉइंग थर्ड अँगल असणार, वरचं चित्र वर आणि उजवीकडचं उजवीकडे. इकडे जे शिकलास ते आरशासारखं फिरवून डोक्यात बसव.

थाऊचं म्हणशील तर एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, ०.०२५४ मिलिमीटर, पंचवीस मायक्रॉन समज. दर वेळी मिलिमीटरमध्ये बदलत बसलास तर मागे पडशील, थाऊमध्येच विचार कर, पंधरा दिवसांत सवय होते. आपल्या इथे जुने फिटर अजून सुतात बोलतात, इंचाला आठ सूत, त्यांना कुणी मिलिमीटर सांगितलं तर तेही असेच गोंधळतात. ड्रिलच्या डब्यात आकड्यांची आणि अक्षरांची ड्रिलं असतील, त्यांचा तक्ता भिंतीवर असतो, त्याचा फोटो काढून ठेव. पाव इंच, इंचाला वीस आट्यांचा टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार) आणि आपला एम-६ दिसायला भाऊ-भाऊ, पण एकाला सात नंबरचं ड्रिल लागतं आणि दुसऱ्याला ५ मिलिमीटरचं. एम-६ चा बोल्ट पाव इंचाच्या आट्यात नीट बसत नाही, जबरदस्ती करू नको.

आता मागे उभं राहायचं. हे मात्र तुझ्याच हातात आहे आणि मी इथे कडक बोलणार आहे. बाबांनी जे लोन काढलं ते मशीनवर उभं राहायच्या तासांसाठी काढलंय, आणि ते तास तू दुसऱ्याला देतोयस. लॅबच्या दिवशी पंधरा मिनिटं आधी जा आणि मशीनपाशी उभा राहा. जो आधी येतो तो लावतो, सगळीकडे तसंच आहे. लॅबच्या टेक्निशियनला भेट, इन्स्ट्रक्टरला नाही, टेक्निशियनला. त्याला विचार की लॅब मोकळी असते तेव्हा कुणाच्या देखरेखीखाली काम करता येईल का. मशीन पुसायचं, चिप्स काढायचं, टूल जागेवर लावायचं काम स्वतःहून कर, ते करणाऱ्याला कुठल्याही देशातला मशीनवाला माणूस ओळखतो. आणि इन्स्ट्रक्टरचं बोलणं कळलं नाही तर तिथल्या तिथे विचार, त्याने सांगितलेलं तू तुझ्या शब्दांत परत बोलून दाखव, टेन थाऊ ऑफ द डायमीटर, राइट? एवढं एक वाक्य विचारलं असतंस तर शाफ्ट वाचला असता.

कॉलेजबाहेरचं आठवड्याचं २४ तासांचं काम कुठे करतोस ते लिहिलं नाहीस. कॉफीच्या दुकानात असशील तर चार छोट्या मशीन शॉपमध्ये स्वतः जाऊन विचार, झाडू मारायलाही चालेल म्हणून सांग. पगार कमी मिळाला तरी घे. आणि दर शनिवारी वहीत लिही, किती तास मशीनवर, कुठला जॉब, काय चुकलं. दोन महिन्यांनी ती वही उघडून तास मोज. तेव्हाही आठवड्याला चार-पाचच निघाले तर आपण परत यायचं बोलू, बाबांशी मी बोलेन, त्यांना सांगायची जबाबदारी माझी.

तोवर एक कर, एक इंचाचा तुकडा मागून घे आणि तोच शाफ्ट परत काढ. किती आला ते पुढच्या पत्रात लिही.